जांभळ्या रिबिनीची वॅटल

माझा नवरा दुसऱ्याच्या गाडीत डाव्या बाजूला बसत नाही. बसत नसे, असं म्हणायला हवं. लिंडसेनं जन्मभर शाळेची बस चालवली. आमच्या लग्नात चर्चपासून हॉलपर्यंतची गाडीसुद्धा त्यानंच चालवली. माझा भाऊ एकदा "दे, मी चालवतो" म्हणाला, तर लिंडसेनं त्याच्याकडे असं काही बघितलं की बिचारा मुकाट मागे जाऊन कुत्र्याशेजारी बसला. तोच लिंडसे ऑगस्टातल्या एका रविवारी सकाळी फिलिपाच्या चिमुकल्या हिरव्या गाडीत गुडघे जुळवून, मांडीवर थर्मास घेऊन, शहाण्या बाळासारखा बसला होता. थर्मास माझा. त्यातला चहाही मीच केलेला.

"येतेस का, नोल?" फिलिपानं खिडकीतून विचारलं. माझं नाव नोएलीन. नोल मला फक्त लिंडसे म्हणतो.

"मला शिंका येतात," मी म्हटलं.

"अरेरे, विसरलेच बघ. जेवायच्या वेळेला आणून सोडते हं त्याला."

आणून सोडते! जसं काही वाचनालयातून नेलेलं पुस्तक. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी मी फाटकाशी उभी होते. अंगाचा तिळपापड झाला होता आणि हातात लिंडसेची टोपी होती. ती तो विसरून गेला होता.

आमच्या गावाच्या तिन्ही बाजूंना आयर्नबार्क निलगिरीचं रान आहे. ऑगस्ट लागला की त्या काळ्या खोडांखाली बाभळीच्या कुळातली वॅटल फुलते आणि रान पिवळंधमक होतं. लोक खूश होतात, मी नाक पुसत बसते. त्यातून आईनं आम्हाला शिकवलेलं, वॅटल उंबऱ्याच्या आत आणायची नाही, घरातलं माणूस जातं. म्हणून लिंडसेनं गोळा केलेल्या फांद्या, त्या दाबून वाळवायचे वर्तमानपत्रांचे गठ्ठे, त्यांवर ठेवायच्या विटा, सगळं मागच्या शेडमध्ये. लग्न झाल्यापासून त्यानं एक फूलसुद्धा कधी घरात आणलं नाही. "तुझ्या आईला भितो," म्हणायचा. आई जाऊन वीस वर्षं झाली तरी भ्यायचा.

फिलिपाच्या घरी मात्र प्रत्येक खिडकीत जॅमच्या बाटलीत वॅटल. तिच्याकडे कुणी मेलं नाही. नवरा आधीच गेला होता म्हणा.

ही बाई दोन वर्षांपूर्वी मेलबर्नहून आली आणि खाणकामगारांच्या एका जुन्या घरात राहू लागली. तिकडं ती झाडांच्या संग्रहालयात होती. आयुष्यभर वाळक्या फांद्या कागदाला शिवल्या आणि त्यांची नावं ठरवली. गळ्यात दोरीला भिंग. मान अशी ताठ की बघणाऱ्याची दुखावी. आमच्या निसर्ग क्लबात आली आणि पहिल्याच महिन्यात तिनं पाच झाडांची नावं बदलली. आमचा अध्यक्ष मर्व्ह तर म्हणू लागला, "फिलिपानं सांगितलं म्हणजे झालं. देवानं सांगितलं तर एकदा तिला विचारून घेऊ."

आता लिंडसेचं वेड सांगते, म्हणजे मी का जळत होते ते कळेल. आमच्या रानात एक वॅटल सगळीकडे आहे, वार्निश वॅटल. पानं चिकट, जणू कुणी वार्निश फासलंय. हिची एक बहीण आहे, ऑसफेल्ड वॅटल. तीही चिकट, तशीच उंच, तशीच पिवळी, पण दुर्मीळ. डोंगराच्या पलीकडे आहे, आमच्या बाजूला कुणाला कधी सापडलेली नाही. लिंडसेचं म्हणणं, आहे. जुन्या धरणाच्या मागं, सोन्यासाठी खणलेल्या खड्ड्यांमध्ये कुठंतरी आहेच. तीस वर्षं तो शोधत होता. तीनदा "सापडली" म्हणून नाचत आला आणि तीनही वेळा ती वार्निशच निघाली. क्लबात त्याची म्हणच पडली. मर्व्हचा चष्मा हरवला की तो ओरडायचा, "कुठं गेला? लिंडसेची वॅटल झाला की काय?" सगळे हसायचे. लिंडसेही हसायचा, पण घरी येताना गप्प असायचा.

त्या तीनही वेळा क्लबातले लोक त्याला पाठीवर थोपटून म्हणाले होते, "असेलही बुवा, कुणास ठाऊक." मी मात्र तोंडावर म्हटलं, "नाहीये, सोड." लिंडसे लोकांना सांगायचा, "गावात खरं बोलणारे दोघंच. एक माझी बायको आणि दुसरा खाटकाकडचा वजनकाटा." हे तो कौतुकानं म्हणायचा असं मी आजवर धरून चालले आहे.

आणि मग त्या ऑगस्टात ती सापडली. लिंडसेनं दाखवली, फिलिपानं भिंग लावून बघितली आणि म्हणाली, हीच ती.

हॉलमध्ये क्लबाची बैठक होती. मी नेहमीप्रमाणे सँडविचचं ताट घेऊन उभी. मर्व्हनं टेबलावर चमचा वाजवून जाहीर केलं, "मंडळी, लिंडसेची वॅटल सापडली! आता हिला लिंडसे-फिलिपाची वॅटल म्हणायला हवं!" टाळ्या पडल्या. लिंडसेच्या चेहऱ्यावर असा उजेड मी आमच्या मुलीच्या जन्मानंतर पाहिला नव्हता. तो उजेड बघून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. तो दिवा दुसरीनं लावला होता, एवढंच मला दिसत होतं.

"कुठं आहे रे?" मी घरी विचारलं.

"ते सांगता येत नाही, नोल. क्लबाची रीत आहे. दुर्मीळ झाडाचा ठिकाणा शोधणाऱ्यांतच राहतो. नाहीतर लोक जाऊन तुडवतात."

"मी तुडवणार आहे?"

"रीत म्हणजे रीत."

फूल ऑगस्टातल्या हिवाळ्यात येतं, शेंग डिसेंबरच्या उन्हाळ्यात. खात्रीसाठी मेलबर्नच्या संग्रहालयाला पाठवायचं तर दोन्ही एकाच झाडाची लागतात. म्हणून झाडाला रिबीन बांधून ठेवायची आणि उन्हाळ्यात परत जायचं. म्हणजे माझ्या नवऱ्याचं आणि त्या बाईचं रानात एक ठिकाण होतं, ते फक्त त्या दोघांना ठाऊक, आणि त्यावर क्लबाचा शिक्का. लोकांना असल्या गोष्टी लपूनछपून कराव्या लागतात. यांना टाळ्या मिळाल्या होत्या!

मग मी बघू लागले, आणि बघायला लागल्यावर काय, कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळं. लिंडसेनं वर्तमानपत्र वाचणं सोडलं. "असतं काय त्यात," म्हणाला. प्रेमात पडलेल्या माणसाला कसली आली बातमी! मी बोलत असले की तो माझ्या तोंडाकडे बघेनासा झाला, बाजूला कुठंतरी कानाच्या पलीकडे बघायचा. मन खात असलेला माणूस असाच बघतो. एकदा मी पुढं टोमॅटोचा लालभडक डाग पडलेला झगा घालून बसले होते, तर म्हणाला, "छान दिसतोय गं झगा." चाळीस वर्षांत न केलेली स्तुती. मी न्हाणीघरात जाऊन रडले. आणि आमची गाडी? ती शेडमध्ये धूळ खात होती, कारण साहेब आता हिरव्या गाडीतून जात होते.

शेजारची डॉट म्हणाली, "सरळ विचार की त्याला." विचारायचं काय? "तू तिच्यावर प्रेम करतोस का?" आणि तो हो म्हणाला तर? उत्तर नको असेल तर प्रश्न विचारू नये. मी वाचनालयातून वॅटलचं पुस्तक आणलं.

ते पुस्तक मी इस्त्रीच्या कपड्यांखाली लपवून वाचलं. पहिल्याच पानावर कळलं, की बऱ्याच वॅटलना जे पान दिसतं ते पान नसतंच. रोप लहान असताना त्याला खरी पानं येतात, पिसासारखी. मग ती गळतात आणि देठच चपटा होऊन पानाचं सोंग घेतो. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, हे मला त्या दिवसांत कुणी पुस्तकातून सांगायची गरज नव्हती.

दुकानात जाते म्हणून मी निघायची आणि रस्त्याकडेच्या वॅटल ओळखत फिरायची. पबच्या मागची रुंद, विळ्यासारख्या पानाची सोनेरी वॅटल. शाळेच्या फाटकाशी काटेरी, कुंपणाची. कबरस्तानातली निळसर, पिसांच्या पानांची कूटामुंड्रा. ही आमच्याकडची नव्हेच. बाहेरून आणली, बागेतून निसटली, रानात पसरली, आणि आता इथल्यांशी सोयरीक करून त्यांचं बी बिघडवते. तिचं नाव पाठ करायला मला मुळीच वेळ लागला नाही.

वार्निश आणि ऑसफेल्ड यांच्याविषयी पुस्तकानं सोपं सांगितलं होतं. पान उन्हाकडे धरा. वार्निशच्या पानावर लांबीच्या दोन शिरा दिसतात. ऑसफेल्डच्या पानावर मधोमध एकच. बाकी दोघी बहिणी सारख्या.

बुधवारी लिंडसे जेवून आडवा झाला तशी मी गाडीची किल्ली घेतली. बॅटरी उतरलेली. मर्व्हला बोलावून त्याच्या गाडीला तारा जोडल्या.

"कुठं निघालीस?" मर्व्हनं विचारलं.

"दुकानात."

"गेल्या आठवड्यात तीनदा गेलीस. दुकान विकत घेतेस काय?"

ठिकाण शोधायला मला रिबीन लागली नाही. तीस वर्षं ज्याच्या बुटांचा चिखल मी काढला तो कुठं जातो हे मला सांगावं लागत नाही. जुन्या धरणाच्या मागं पांढरी माती आहे, तशी गावात दुसरीकडे नाही. गाडी बांधावर ठेवली आणि जुन्या खड्ड्यांच्या कडेकडेनं चालू लागले. खड्डे खोल आहेत, वरून काटक्या पडून तोंडं झाकलेली असतात, म्हणून पाऊल जपून टाकावं लागतं. मी जपून टाकत होते आणि शिंकत होते. प्रत्येक शिंकेला एक शिवी, आणि ती कुणाला ते सांगायला नको.

तिसऱ्या खड्ड्याच्या पलीकडे रिबीन दिसली. फिकी जांभळी. बघताच मी ओळखली. आमच्या मुलीच्या लग्नात करवल्यांचे झगे शिवले होते, त्यांतून उरलेली, माझ्या शिवणाच्या पेटीतली! रिबीन माझी, नवरा माझा, आणि गाठ तिची. लिंडसेची गाठ मला ठाऊक आहे, ती सुटता सुटत नाही. ही सुबक होती, दोन कान असलेली. मी हात पुढं केला होता सोडायला. पण सोडून काय करणार होते? पेटीत ठेवणार?

झाड तीन माणसं उंच, सगळं पिवळ्या गोंड्यांनी भरलेलं. मी एक पान तोडलं. बोटांना चिकटलं. देठाजवळ कडेला बारीकशी गाठ होती, पुस्तकात होती तशी. पान उन्हाकडे धरलं.

दोन शिरा.

माझा विश्वास बसेना. चष्मा पुसला. दुसरं पान घेतलं, खालच्या फांदीचं. दोन. फांदी वाकवून वरचं घेतलं. दोन. शेजारच्या झुडपाचं घेतलं, त्यालाही दोन. शेजाऱ्याला सोडा, रिबीन बांधलेल्या झाडाच्या एकाही पानाला एकच शीर नव्हती. उन्हात त्या दोन रेघा अशा स्वच्छ दिसत होत्या की शाळेतल्या पोरानंही मोजल्या असत्या.

मी रानात एकटी मोठ्यानं हसले. चुकली! मान ताठ ठेवणारी, भिंग मिरवणारी, पाच झाडांची नावं बदलणारी फिलिपा चुकली! मी, सँडविच वाटणारी, शिंकणारी नोएलीन, हिनं पकडलं तिला. ही लिंडसेचीही वॅटल होती हे त्या क्षणी मला आठवलंच नाही, फिलिपाचं तोंड कसं होईल एवढंच डोळ्यांसमोर होतं. मी चांगली हातभर फांदी मोडली आणि गाडीत पुढच्या जागेवर ठेवली.

येताना वाटेत मात्र मनात आलं, ती चुकेल कशी? भिंग लावून? पण मी तो विचार बाजूला सारला. गोड घास तोंडात असताना खडा शोधू नये.

घरी आले आणि फांदी सरळ आत नेली. उंबरा ओलांडताना आई आठवली. म्हटलं, आई, आज माफ कर. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, पांढऱ्या कापडावर, लिंडसेच्या खुर्चीच्या नेमकी समोर ती ठेवली. पांढऱ्यावर पिवळी, आंधळ्यालाही दिसावी अशी. चहा केला. लिंडसे उठून आला, खुर्ची ओढली, बसला. मी हात बांधून समोर उभी, त्याच्या चेहऱ्यावर नजर रोखून.

त्यानं नाक वर केलं. "वॅटलचा वास येतोय गं. खिडकी उघडी आहे का?"

मी मनातच म्हटलं, सोंग करतोय. चहाचा कप त्याच्या हातात दिला. एक घोट घेऊन त्यानं कप खाली ठेवला, तो नेमका फांदीवर. कप कलंडला, चहा कापडभर झाला. लिंडसे दोन्ही हातांनी चाचपू लागला. बोटं गोंड्यांना लागली आणि थांबली.

"नोल, ही घरात काय करतेय?"

"तुला दिसली नाही?"

"अगं, नवीन उठलोय..."

"लिंडसे. तुला दिसली नाही?"

त्यानं फांदीवरून बोटं फिरवली. मग म्हणाला, "मधलं दिसत नाही. कडेचं दिसतं. तुझ्या तोंडाकडे बघितलं की तुझे कान तेवढे दिसतात."

मी खुर्चीत बसले. टोपी, वर्तमानपत्र, टोमॅटोचा डाग, गाडीची उतरलेली बॅटरी, सगळं एकापाठोपाठ आठवलं.

"कधीपासून?"

"ख्रिसमसच्या आधीपासून. बेंडिगोच्या डॉक्टरकडे जाऊन आलो, तुला म्हटलं होतं टायर बदलायला जातो. एक डोळा गेल्यात जमा आहे. दुसरा पुढच्या वर्षापर्यंत जाईल म्हणाला."

"आणि हे तू तिला सांगितलंस. मला सोडून तिला!"

"नाही सांगितलं. तिनं ओळखलं. मी पान तिरकं धरून बघत होतो, तर म्हणाली, लिंडसे, तुला मधलं दिसत नाही ना?"

हे मला जास्त लागलं. तो तिच्या गळ्यात पडला असता तर मी रागावून मोकळी झाले असते. पण ज्या माणसाच्या शेजारी मी रोज झोपते, ज्याला रोज समोर बसवून वाढते, त्याचं काय हरवलंय ते मला नऊ महिने कळलं नाही, आणि तिला एका पानावरून कळलं. मी त्याच्यावर नुसती पाळत ठेवली होती. बघितलं तिनं होतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू गाडीच्या किल्ल्या काढून घेतल्या असत्यास."

"घेतल्याच असत्या!"

"म्हणूनच. तसं मग मीच सोडलं चालवणं. पण म्हटलं, वॅटलचा हा एक मोसम निघू दे. मग सांगू. एकदा सांगितलं की तू मला अंगणापलीकडे सोडली नसतीस." त्यानं ओला हात पुसला. "आता तू सांग. ही फांदी कशाला आणलीस? तू तर फुलाला हात लावत नाहीस. कुठली आहे?"

आणि आता सगळं माझ्याकडे आलं. मला तेव्हा दोन गोष्टी एकदम कळल्या. एक, की फिलिपा चुकली नव्हती. आयुष्यभर भिंग लावून बसलेल्या बाईला दोन शिरांची एक दिसत नाही. आपल्या डोळ्यांनी बघू न शकणारा माणूस तिच्यासमोर उभा राहून "किती आहेत?" विचारत होता, आणि तिला त्याचं तोंड उतरलेलं बघवलं नाही. दुसरी गोष्ट त्यातूनच आली. परक्या माणसासाठी कुणी असं खोटं बोलत नाही. इतके दिवस मी जे शोधत होते ते मला शेवटी सापडलं होतं, फक्त ते माझ्या नवऱ्याच्या मनात नव्हतं, तिच्या होतं. आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता.

"तुझ्या रिबिनीच्या झाडाची आहे," मी म्हटलं.

तो सावरून बसला. "तू गेलीस तिथं? शिंकत? अगं, खड्डे आहेत तिथं!" मग आवाज खाली आला. "बघितलंस पान?"

मलाही "एक" म्हणता आलं असतं. सोपं होतं. तो सुखानं अंधारात गेला असता. पण मग मी आणि ती सारख्याच झालो असतो, आणि दोघींत पहिली ती. आणखीही एक होतं. मी आता गोड बोलले तर यापुढं मी जे जे सांगेन, दूध नासलंय की नाही, आभाळ आलंय की नाही, पत्रात काय लिहिलंय, ते खरं आहे हे त्याला कसं कळणार होतं?

"बघितलं," मी म्हटलं. "दोन आहेत."

"फिलिपा म्हणाली एक."

"दोन आहेत, लिंडसे."

"उन्हाकडे धरून?"

"उन्हाकडे धरून. खालचं, वरचं, शेजारचं. आधी रागानं बघितलं, मग आनंदानं बघितलं. दोन्ही वेळा दोनच."

त्यानं एक पान खुडलं, अंगठा आणि बोटात धरून चोळलं, नाकाशी नेलं. मी त्याचं तोंड उतरताना पाहिलं. सबंध पाहिलं, नजर हलवली नाही. बोललेलं परत घ्यावं असं एकदा नाही, दहादा वाटलं.

"चौथ्यांदा वार्निश," तो शेवटी म्हणाला.

"चौथ्यांदा."

"मर्व्हला आता वर्षभर पुरेल." तो थोडंसं हसला, पण ते हसू लगेच विरलं. "पण नोल, फिलिपानं एक कशी मोजली? ती तर कधी चुकत नाही."

मी उठले आणि टेबलावरचा चहा पुसू लागले. पुसण्यासारखा फार राहिला नव्हता.

"तिचंही वय झालं की," मी म्हटलं.

"हो, तेही आहे. तिला सांग, डोळे तपासून घे म्हणावं. बेंडिगोवाला डॉक्टर चांगला आहे."

"सांगते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फिलिपाच्या दारात उभी राहिले. खिडक्यांतून जॅमच्या बाटल्या माझ्याकडे बघत होत्या. मी खिशातलं पान काढून तिच्यासमोर धरलं. तिनं भिंगाला हातही लावला नाही.

"दोन," ती म्हणाली. "मला माहीत आहे."

"मग?"

"तू त्याचा चेहरा बघितला असतास तर तूसुद्धा..."

"मी जन्मभर तोच बघतेय," मी म्हटलं. "शेंगा आल्यावर काय करणार होतीस? मेलबर्नला काय पाठवणार होतीस?"

"काहीच नाही. पाठवलं म्हणणार होते. उत्तर यायला वर्ष जातं तिथं. तोवर त्याला..." तिची ताठ मान जरा खाली आली. "तू सांगितलंस त्याला?"

"हो."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, फिलिपाला सांग, डोळे तपासून घे."

ती हसायला गेली आणि तिचे डोळे भरून आले. ती तशी माझ्यासमोर उभी राहिली, पुसलेसुद्धा नाहीत. मला तिची दया आली, आणि दया आली म्हणून रागही आला. दया येणाऱ्या बाईचा मत्सर करणं फार अवघड असतं, पण मला जमत होतं.

"म्हणजे त्याला वाटतंय मी चुकले," ती म्हणाली.

"हो."

"आणि तू त्याला तसंच वाटू दिलंस."

"हो. आणि तसंच वाटत राहील."

तिनं माझ्याकडे बघितलं. झाडांची नावं बदलणारी बाई ती. मला काय कळलंय आणि ते मी त्याला का कळू देणार नाही, हे तिनं ओळखलं.

"बरं," ती म्हणाली. "तपासून घेते म्हणून सांग त्याला."

"रविवारी तुला यायचं नाहीये," मी म्हटलं. "गाडी मी चालवणार आहे."

"आणि शिंका?"

"शिंकत चालवेन. ते भिंग दे."

तिनं दोरी मानेवरून काढली. भिंग माझ्या तळहातावर ठेवताना म्हणाली, "पानाशी नाही हं धरायचं, डोळ्याशी धरायचं. आणि पान भिंगाकडे आणायचं."

"मला शिकवू नकोस," मी म्हटलं, पण ते मला खरंच माहीत नव्हतं.

रविवारी लिंडसे आमच्या गाडीत डाव्या बाजूला बसला. कुरकुर न करता बसला, फक्त मी गाडी मागे घेताना दोनदा "सांभाळून" म्हणाला. थर्मास त्याच्या मांडीवर होता, टोपी मीच त्याच्या डोक्यावर ठेवली होती. भिंग माझ्या गळ्यात.

"फिलिपाला सांगितलंस?" त्यानं विचारलं.

"सांगितलं."

"वाईट वाटलं का तिला? चुकलेलं तिला सहन होत नाही."

"वाटलं थोडं."

"चांगली बाई आहे गं ती."

"आहे," मी म्हटलं, आणि त्याचा पट्टा नीट लागलाय की नाही ते ओढून बघितलं.